एकशे एकोणिसावं घर

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील प्राचार्य आणि पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण सगळे कामधंदा बाजूला ठेवून जमलो ते आमचे चांगदेव भोईर सर, हार घालून घेताना अवघडलेल्या काकू, आणि समोर बसलेल्या माझ्या जुन्या-नव्या मित्रमैत्रिणींनो,

मी कल्पेश. कामतघरला लूम फिटर आहे. याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतो, मग डोकं फिरलं आणि निघून गेलो. डिग्रीवाले एवढे बसलेले असताना हा कशाला उभा राहिला, असं पुढच्या रांगेत कुजबुजलं जातंय. सरांनीच माझं नाव घातलं, मी काय करू?

सूत्रसंचालन करणाऱ्या पूर्वा मॅडम आणि मी अकरावीपासून एका बाकावरचे. म्हणजे तिचा पुढचा बाक, माझा मागचा. माझ्या मनात काय आहे हे धामणकर नाक्यावरच्या शेअर रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे. उत्तर तेवढं अजून आलेलं नाही. मघाशी जिन्यात तिने मला बजावलंय, "सरांबद्दल बोल. माझ्याबद्दल पुढे एक शब्द काढलास ना कल्प्या, तर माइक बंद करीन." एवढं सांगितलं ते त्यात धरू नये, ही विनंती. आता सरांकडे वळतो.

आम्ही बारावीत होतो. जूनमध्ये बातमी आली, चार नव्या मूलद्रव्यांना नावं मिळाली. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसन. आवर्तसारणीची सातवी ओळ एकशे अठरापर्यंत भरली. सर वर्गात आले ते धावतच. "बारसं करू या," म्हणाले. लॅबमधल्या जानकीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "बारसं म्हंजे घुगऱ्या लागतील. पाळना लागंल. आत्या कोन?"

सुताच्या खोक्याला साडी बांधून पाळणा झाला. त्यात चार चिठ्ठ्या ठेवल्या. आत्या कोण झाली, ते मी सांगत नाही. तिने प्रत्येक चिठ्ठीला कुर्र केलं, एवढंच. जानकीबाईंनी विचारलं, "जपानवाल्यांनी निहोनियम म्हनून देशाचं नाव ठिवलं, मंग आपल्या भिवंडीचं का न्हाय?"

सर म्हणाले, "भिवंडीत एक अणू बनवून दाखवा जानकीबाई, नाव मी लावतो."

लॅबमधल्या आवर्तसारणीच्या तक्त्यावर चिठ्ठ्या चिकटल्या, घुगऱ्या वाटून झाल्या. दुसऱ्या दिवशी सर पडलेल्या चेहऱ्याने आले. म्हणाले, "घाई झाली. ही नुसती सुचवलेली नावं आहेत. पाच महिने कुणालाही हरकत घेता येते. मग पक्कं."

"आता घुगऱ्या काय परत मागू?" जानकीबाई म्हणाल्या.

मी तर पेटलोच. ज्यांनी बनवलं त्यांनी नाव ठेवलं, हरकत घेणारे हे कोण? सरांनी एकेक चिठ्ठी सोडवली आणि मला म्हणाले, "बनवणाऱ्याने सांगून भागत नाही रे. आधी दुसऱ्यांनी तपासायचं, मग नाव सुचवायचं, मग थांबायचं." नोव्हेंबरात नावं पक्की झाली तेव्हा पुन्हा घुगऱ्या झाल्या. या वेळी जानकीबाईंनी आधी विचारून घेतलं, "नक्की ना?"

मंडळी, हे अणू काही सेकंदांत, काही तर पापणी लवायच्या आत तुटतात. मग ते होते हे कळतं कसं? तुटताना मागे जे उरतं, त्यावरून. सर, तुम्ही उद्यापासून लॅबमध्ये नसाल. पण या हॉलमध्ये कोणकोण बसलंय ते एकदा बघून घ्या.

मी कॉलेज सोडलं तेव्हा सर नारपोलीत मी कामाला होतो त्या कारखान्यात आले होते. लूमच्या खडखडाटात माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "नवं मूलद्रव्य बनवताना दोन अणू एकमेकांवर सोडतात ना, हळू सोडले तर लांबूनच एकमेकांना ढकलतात. फार जोरात सोडले तर जुळतात न जुळतात तोच फुटतात. तुझं हे दुसरं चाललंय."

मी म्हटलं, "मग करायचं काय सर?"

"जोर बेताचा ठेवायचा आणि मशीन चालू ठेवायचं. महिनोन्‌महिने. तिथेही शिफ्ट ड्युटीच असते रे." त्यानंतर दर दिवाळीला ते येत राहिले. कॉलेजात परत ये, असं एकदाही म्हणाले नाहीत. यंदा मीच म्हटलं. जूनपासून दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसतोय. सर, हे तुमच्यामुळे.

निवृत्त होण्याआधी एकशे एकोणिसावं मूलद्रव्य तक्त्यावर चिकटवायचं, असं सर म्हणायचे. जगात दोन-तीन ठिकाणी माणसं त्याच्यामागे आहेत, पण अजून कुणाला ते मिळालेलं नाही. आणि आपल्या तक्त्याला आठवी ओळच नाही. म्हणून हे कापड आणलंय. माझ्याच लूमवर विणलेलं. आईने, कमळाबाईने, काठ दुमडून दिले आणि लाल दोऱ्याने घरं पाडली. हे तक्त्याच्या खाली जोडायचं.

यातल्या पहिल्या घरात मी एक नाव भरणार होतो. सुईत दोरा ओवून बसलो होतो. कोणाचं नाव, ते बोलत नाही. मग सर आठवले, त्या चिठ्ठ्या एकेक करून सोडवणारे. सुई आईला परत दिली. घर रिकामं आहे, सर. आपण सुचवायचं, हरकत घ्यायला सगळी मुदत द्यायची आणि थांबायचं, हे तुम्ही शिकवलंत. पाच महिन्यांची अट माझ्याकडून नाही, हवा तेवढा वेळ घ्यावा.

सर, काकू, तुम्हाला भरपूर आरोग्य लाभो. जानकीबाई, दोन्ही वेळच्या घुगऱ्यांसाठी आभार. व्यासपीठावरच्या मोठ्यांनी मला ऐकून घेतलं, त्यांचा मी ऋणी आहे. बोलता बोलता तोंडून काही वावगं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर फिटरचा हात आहे, जरा जड पडतो, असं समजून पोटात घालावं.

आणि सर, एक बघितलंत का? माइक अजून चालूच आहे.