मिस्त्रीचा सांधा

मुलगी : बाबा, कडेला नका उभे राहू, माती सुटतेय.

बाबा : अर्धं आयुष्य चरांमध्ये गेलंय माझं. मला नको शिकवूस. पाणी बंद केलंस ना? मग सांगून टाक, कुठला सांधा सुटला?

मुलगी : तेच दाखवायला बोलावलं तुम्हाला. सांधा सुटलाच नाहीये. पाइप मोडलाय, सांध्यापासून हातभर लांब.

बाबा : ओतीव लोखंड असं मधेच मोडेल कसं?

मुलगी : खाली बघा ना. काळी चिकणमाती आहे. पावसात फुगून पाइपला वर ढकलते, उन्हाळ्यात आकसते आणि खालचा आधारच जातो. दरवर्षी हेच. लोखंड झालं म्हणून किती सोसणार? आणि पाइपखाली रेतीचा थर नाहीच. इथे रेती नको, हे कुणी ठरवलं होतं?

बाबा : जाऊ दे ते.

मुलगी : कसं जाऊ दे? मला अहवाल लिहायचाय.

बाबा : मी ठरवलं होतं. ऐन उन्हाळ्यात खड्डा घेतला. पहार मारली, तर खणकन वाजली. मी लिहून टाकलं, कडक मुरूम, रेतीची गरज नाही.

मुलगी : आणि बादली? वाळल्या मातीवर विश्वास ठेवायचा नाही, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी माती फुगली का ते बघायचं. नोकरी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला हे सांगितलंत.

बाबा : मला ते मिस्त्रीने सांगितलं होतं. त्याच खड्ड्याशी उभं राहून. म्हणाला, "एक दिवस थांब, बादली ओतू." पाइप रस्त्यावर येऊन पडले होते, वरून रोज तगादा. मी म्हटलं, तू तुझे सांधे बघ, मातीचं मी बघतो.

मुलगी : मिस्त्रीकाका? ज्यांना कामावरून काढलं ते?

बाबा : वर्षभरात लाइन फुटली, इथून शंभर पावलांवर. शाळेची भिंत खचली. नशीब, सुट्टी होती. चिखलातून तुकडे उपसले, फेकले, कुणी धड बघितलेही नाहीत. संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं. मी लिहिलं, 'सांधा कच्चा.'

मुलगी : खरं काय ते माहीत होतं तुम्हाला?

बाबा : शंका होती. पण आपल्यावरच येईल अशी शंका माणूस तपासत नाही, पोरी.

मुलगी : काका आपल्याकडे यायचे बंद का झाले, हे मी आईला किती वेळा विचारलंय. सांध्यात ओतून उरलेल्या शिशाचा मासा करून दिला होता त्यांनी मला. अजून आहे टेबलावर.

बाबा : अहवालात माझं नाव घाल. नुसतं पद नको, नाव.

मुलगी : घालणारच होते, बाबा.

बाबा : बरं. आणि तो सांधा कापून दे मला.

मुलगी : फोटो काढलेत, पण उद्या परत हवाय. आणि जड आहे तो. मी येऊ का बरोबर?

बाबा : नको. हे माझं मलाच निस्तरू दे.

(दुपार. दोन गल्ल्या पलीकडे, मिस्त्रीच्या दारात.)

मिस्त्री : कोण? अरे वा, साहेब! वाट चुकलात वाटतं.

बाबा : साहेब नको रे म्हणूस.

मिस्त्री : मग काय म्हणू? गोणपाटात काय आणलंय?

बाबा : तुझा सांधा. पाइप मोडला, पण हा जागचा हलला नाही. तेव्हाचाही हलला नसणार. माती वाईट होती, आणि ती मी पास केली होती. माझी चूक मी तुझ्या माथी मारली.

मिस्त्री : आण इकडे. उजेडात धर. शिसं पार कडेपर्यंत भरलंय की!

बाबा : बोल ना काहीतरी. शिव्या तरी घाल.

मिस्त्री : सुरुवातीला घालायचो. मग सोडून दिलं.

बाबा : का?

मिस्त्री : तू खोटं लिहिशील असं कधी वाटलंच नाही रे. बावीस वर्षं मी माझ्याच हातांवर संशय घेत बसलो.