तिसऱ्या वळणावरचा वारा

हडपसरला सासवडच्या एसटीच्या रांगेत दीपमालाच्या पुढे दोघांची जुंपली होती. एक कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला तरुण, दुसरे धोतरातले आजोबा. दिवे घाटातली सायकल शर्यत तासाभरात सुटायची होती.

"आजोबा, सात नंबरवालाच जिंकणार. सरावात सगळ्यात कमी वेळ त्याचाच आहे."

"सराव पहाटंचा. शर्यत धा वाजता. तवा तिसऱ्या वळणावर वारा समोरून येतो."

"वाऱ्याने असा काय फरक पडतो?"

"तीस वर्सं सायकलवरनं पुण्यात दूध घातलं. परतताना किटल्या रिकाम्या, तरी त्या वळणावर उतरून ढकलावं लागायचं. सात नंबर तिथवर सगळ्यांच्या पुढं असंल. मग दम संपंल त्याचा."

"मग कुणीतरी सांगायला हवं त्याला."

"सांगितलं की. म्हनला, आबा, तुमची दुधाची सायकल, माझी गिअरची."

"म्हणजे तो तुमचा...?"

"नातू."

एसटी आली. आजोबांनी पायाशी ठेवलेली किटली दोन्ही हातांनी उचलली आणि दीपमालाच्या पुढे चढले.

"बाबा, सासवड का?" कंडक्टरने विचारलं.

"न्हाई. घाटात, तिसऱ्या वळणावर उतरवा. अन् गाडी जरा बेतानं घ्या, किटलीत लिंबूपाणी हाय."