फ्लॅट क्रमांक चारच्या चार्जरबाबत

...तर विषय असा: फ्लॅट क्रमांक चारच्या पार्किंगमध्ये विजेच्या गाडीचा चार्जर बसवण्यास संस्थेची ना हरकत मिळणेबाबत. संदर्भ: अर्जदार सौ. सुचित्रा शरच्चंद्र शेवगावकर यांचा अर्ज. सद्यस्थिती: सेक्रेटरींच्या विचाराधीन. आता तुम्ही विचाराल, सेक्रेटरी कोण — मी. शरच्चंद्र शेवगावकर. हो, आडनाव तेच आहे. अर्जदार माझी बायको आहे. टेप गुंडाळू नका हो, बसा, नाव काय म्हणालात — वाल्मिक? बसा वाल्मिकराव. कंपनीनं तुम्हाला भिंत मोजायला पाठवलं, तुम्ही मोजली, तुमचं काम चोख झालं. कागद तेवढा राहिलाय. आणि कागदाचं काय असतं, मी जिल्हा परिषदेत उभा जन्म कारकुनी केलीय, कागद हा मुरावा लागतो. लोणच्यासारखा. घाईत उघडला की तोंड वाकडं होतं.

नाही, मुद्दाम अडवलेला नाही. नियमानुसार अडवलाय, त्यात फरक आहे. मी रविवारी सकाळी इथं जिन्याखाली हे टेबल लावून बसतो — संस्थेचं कार्यालय म्हणतात याला, तो झाडू आमचा नाही. तर ही वरून उतरली, चपला घालून, पर्स घेऊन, जशी काही पाथर्डीहून एसटीनं आली — आणि माझ्यापुढे अर्ज ठेवला. मी वाचला. म्हटलं, बाई, दिनांक नाही. वर गेली, दिनांक घालून आली. म्हटलं, पार्किंगचा क्रमांक नाही. तो घातला. म्हटलं, जोडपत्र? तर तिनं पर्समधून जोडपत्र काढलं, झेरॉक्ससह, आणि वर पोहोच मागितली. पोहोच. मला. मी शिक्का मारून दिली, देणार काय. तीस-बत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती हो, तिच्यापुढे त्रुटी काढणं म्हणजे — म्हणजे तिच्या वहीला लाल शाई लावणं. त्या दिवशी दुपारी जेवायला वाढताना विचारते कशी, सेक्रेटरीसाहेब, आमटी आवक झाली का.

पण गाडीचं म्हणाल तर गाडीला माझा विरोध कधीच नव्हता, उलट गाडी घ्यायची टूम माझीच. आधीची आमची गाडी, मरून रंगाची, छोटी — आमच्या लेकीनं, मनवानं सेकंडहँड घेतली होती, ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि गाडी मागे राहिली, मांजरासारखी. सुचित्रा रिटायर झाल्यावर तिच्यावरच शिकली. मी? मी स्कूटरवाला. चारचाकीत मी कायम डावीकडे बसणारा माणूस. तर त्या गाडीला पायाखाली भोक पडलं होतं, डावीकडेच, तिथून रस्ता दिसायचा. मी सावेडी ते भिंगार सगळे खड्डे खालून ओळखतो. शेवटी भंगारवाल्यानं नेली, तेव्हा म्हटलं, आता घ्यायची तर गाडीसारखी गाडी घेऊ.

मग काय विचारता. मला चढलीच. सहासष्ट वर्षांचा माणूस, साखर बंद, मीठ बेताचं, पण गाड्यांची माहितीपत्रकं गादीखाली ठेवून झोपायला लागलो. आणि शोरूममध्ये ती एक गाडी होती — गाडी कसली, दुमजली बंगलाच, फक्त वास्तुशांत व्हायची राहिलेली. काळी. नाक असं की समोरच्यानं आपण होऊन गुन्हा कबूल करावा. शोरूमचा पोरगा वरद, सावेडीतलाच, टाय लावलेला, तो सांगायला लागला आणि मी ऐकायला लागलो. म्हणाला, काका, तीन फूट पाण्यातून जाते. मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा बादली अर्धी भरते, तू मला नगरमध्ये तीन फूट पाणी दाखव, मी गाडी घालून दाखवतो. म्हणाला, बर्फावर चालायचं वेगळं बटण आहे. म्हटलं, रसवंतीवाल्याकडे लागेल. वाळूचं बटण आहे. म्हटलं, वाळूचं नाव मोठ्यानं काढू नकोस, तहसीलदार येतील. छतावर तंबू उघडतो. दोन सीटच्या मध्ये फ्रिज. आणि काचेचं छत — तोंडानं सांगितलं की उघडतं. मी स्पष्ट मराठीत सांगितलं, उघड. नाही उघडलं. कृपया म्हटलं, तरी नाही. म्हटलं, अगदी आमच्या ऑफिससारखी आहे, साहेबी भाषेशिवाय हलत नाही.

आणि पाठ चेपणारी सीट. वाल्मिकराव, तुम्ही बसलाय कधी? तुम्ही टेकता आणि मागून कुणीतरी मुठीनं हळूहळू — मी बसलो तो उठेनाच. वरद दोनदा पाणी देऊन गेला. दुसरं गिऱ्हाईक आलं, सहकुटुंब, त्यांनी माझ्यासकट गाडी पाहिली. तेवढ्यात सुचित्राला वाटलं, आपण चालवायच्या जागी बसून बघावं. पाच फुटाला एक बोट कमी आहे ती. पायरीवर चढली, दांडी धरली, आणि तिथंच राहिली, वरही नाही, खालीही नाही. वरदनं स्टूल आणलं. मग बसली, तर स्टिअरिंगच्या वर फक्त अंबाडा. पाय ब्रेकच्या गावाला पोहोचेनात. खाली उतरून पर्स झटकली आणि मला म्हणाली, ही तुम्ही जरूर घ्या, फक्त पुढे एखादा माहूत बसवा.

मी हसलो, पण मनात म्हटलं — बसवू की. ड्रायव्हर ठेवू. आठवड्यातून दोनदा येईल. तो चालवेल, आपण दोघं मागे बसू, काय हरकत आहे? आणि जागा किती त्या गाडीत — सात. सात जागा, वाल्मिकराव. कितीही बायका बसल्या तरी एखादी उरतेच.

बायका कुठून आल्या? येतात, सांगतो. आधी दुसरी गाडी ऐका.

दुसरी म्हणजे ही, जिच्यासाठी तुम्ही आलात. विजेची, पांढरी, डब्यासारखी, पाच जागांची. मी तिला सुरुवातीला मिक्सर म्हणायचो. वरद म्हणाला, ताई, चालवून बघा, शेंडीच्या फाट्यापर्यंत जाऊ आणि वळू. तो मागे बसला, मी डावीकडे, ही चालवायला. गाडी सुरू झाली हे मला कळलंच नाही, मी आपला वाट बघतोय आणि शोरूमचा वॉचमन मागे चाललाय. आवाजच नाही. शेंडीचा फाटा आला. गेला. वरद म्हणाला, ताई, वळायचं होतं. ही म्हणाली, हो का. जेऊर गेलं. घाट आला, घाट चढला — समोर उसाचा ट्रक रडत-कण्हत चाललेला, त्याच्या बाजूनं ही अशी निघाली, जशी लग्नघरात करवली. आणि गुणगुणत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं ही गुणगुणते. स्कूटरवर मागे बसायची तेव्हा गुणगुणत असेल कदाचित, पण स्कूटरच्या आवाजात कोणाला ऐकू येणार. मी दोनदा सांगितलं, पुढे वळण आहे. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे बघून नाही. वळण तिला दिसत होतं.

थेट घोडेगाव. आणि तो नेमका जनावरांच्या बाजाराचा दिवस. म्हशींमधून वाट काढत उभी केली, कारण काय, तर गाडी घ्यायची तर राधाकृष्णला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. राधाकृष्ण म्हणजे माझा शाळेतला मित्र, शेतकरी, नेवाशाच्या बाजूला चाळीसेक गायी आहेत त्याच्या, आणि घोडेगावच्या बाजारात त्याच्या डोळ्याला मान आहे. त्यानं काय केलं — आधी लांबून बघितली. मग एक चक्कर मारली. मग मागच्या चाकावर थाप मारून कान लावला. बॉनेटखाली वाकला, मला वाटलं आता दात बघतो. वरदला विचारलं, खोडी काय हाय हिची? वरद म्हणाला, झिरो मेंटेनन्स. राधाकृष्ण म्हणाला, आसं इकणारा म्हनतोच. मग उपरणं काढलं, वरदच्या हातावर टाकलं आणि खाली हात घातला.

तुम्हाला माहितीय ना ती पद्धत — भाव तोंडानं बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. तुम्हाला माहितीय, मला माहितीय, राधाकृष्णला तर आईच्या दुधाबरोबर माहितीय. टायवाल्या वरदला कुठून असणार? त्याला वाटलं, काका प्रेमानं हात दाबतायत. त्यानंही प्रेमानं दाबला. राधाकृष्णनं दोन बोटं सोडली. त्यानं परत अख्खा हात दाबला. राधाकृष्णनं उपरणं झटकलं आणि बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, ठरलं, पोरगं राजी हाय. कोणीतरी गुलाल आणला. बॉनेटवर लावला, वरदच्या कपाळाला लावला, म्हशीला लागला तो चुकून. पाचपन्नास माणसं गोळा झालेली. वरद रडकुंडीला येऊन म्हणत होता, काका, मी काय मान्य केलं? आणि राधाकृष्ण त्याच्या पाठीवर हात ठेवून — लेकरा, येव्हारात हात दिला की दिला, आता मागं फिरलास तर बाजारात तोंड दाखवता येनार न्हाई. वरदला त्या बाजारात तोंड दाखवायची काहीही गरज नव्हती हो. पण त्याला ते तिथं सुचलं नाही.

मॅनेजरनं आधी फोन घेतला नाही. मग घेतला. मग राधाकृष्ण स्वतः शोरूममध्ये गेला, दोघं साक्षीदार घेऊन, आणि तिथल्या गार काचेच्या केबिनमध्ये परत उपरणं काढलं म्हणतात. आत काय झालं माहीत नाही. गाडी ठरली. सुचित्राच्या नावावर. उद्या येतेय.

म्हणजे आनंदच आहे. मी सांगतोय ना, आनंदच आहे. पेढे मीच आणले.

आता बायकांचं. ही पहिल्यांदा नोकरीला लागली ती खर्ड्याला, जामखेडच्या पुढे. तिथं लंकाबाई म्हणून सहशिक्षिका, दोघी एका खोलीत राहायच्या. मी शनिवारी एसटीनं जायचो, तर लंकाबाई मला बाहेर ओट्यावर बसवून चहा द्यायच्या. आता गाडी आली की पहिल्या रविवारी खर्ड्याला जायचं, किल्ला बघायचा, जुनी शाळा बघायची, असं फोनवर ठरत होतं. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, धरला होता. लंकाबाई आणि आणखी तिघी मैत्रिणी. ही चालवणार. मी पेपरमागे बोटं मोजली. पाच. त्यातल्या राहीबाईंना पुढं बसवू, त्यांचे गुडघे दुखतात, असंही ठरलं. पुढं म्हणजे डावीकडे.

मला कोणी नाही म्हटलं नाही हो. तसं काहीच झालं नाही. विषयच निघाला नाही. आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता, ही अर्ज घेऊन खाली उतरली, आणि मी बघितलं, तर दिनांक नव्हता.

काय हसताय? त्रुटी खरीच होती.

अध्यक्षांनाही फोन केला मी. म्हटलं, अर्जदार माझी पत्नी, माझा हितसंबंध येतो, मी सही करणं बरं नव्हे, आपण पुण्याहून लेकाकडून परत याल तेव्हा बघू, सावकाश या. ते म्हणाले, शेवगावकर, बायकोला मदत करणारे सेक्रेटरी पुष्कळ पाहिले, अडवणारे तुम्ही पहिलेच, तुमचा हितसंबंध आहे कुठे? माझी संमती धरा आणि करा सही. धरली. म्हणजे आता तीही पळवाट नाही.

अहो, कुठे निघालात? पुढच्या आठवड्यात कशाला — उद्या गाडी येतेय. तुम्ही गेलात तर ही काय करेल माहितीय? गॅलरीतून वायर खाली सोडेल, तीन मजले, वाटेत सगळ्यांचे पापड वाळत घातलेले, आणि तक्रारी कोणाकडे येतील? माझ्याकडे. थांबा. बसा म्हणतो ना. आणा तो कागद. पेन आहे माझ्याकडे, पेन असतंच. हे घ्या — मान्य. सही. तारीख. शिक्का जरा तिरका बसला, राहू द्या, तिरका बसला की लोकांना खरा वाटतो.

झालं. घाला भोक त्या खांबाशेजारी. खांबात नका घालू.

माझं काय? माझं काही नाही. हो, विचारलं की. न विचारायला मी काय लहान आहे. आज सकाळी चहा घेताना विचारलं. म्हटलं, खर्ड्याचं तुमचं तुम्ही बघा, तिथं मला परत ओट्यावर बसायचं नाही. पण त्यानंतर एखाद्या दिवशी — कुठंही, घोडेगावपर्यंत का होईना — आपण दोघंच. मी डावीकडे बसेन. वळण सांगणार नाही. तिनं कपातून वर बघितलं, पहिल्यांदा नीट बघितलं, आणि म्हणाली, "बघते."

नाही वाल्मिकराव, बघते म्हणजे हो नव्हे. मी हा शब्द लोकांना जन्मभर दिलाय, त्याचा अर्थ मला शिकवू नका. तिच्या डोळ्यांत हसू होतं का? होतं. पण ते रेकॉर्डवर येत नाही.

चला, तुमचं मशीन सुरू करा, मला पुढचं काही ऐकू आलं नाही तरी चालेल. वर कोणी विचारलं तर सांगा, चार्जरचा अर्ज मंजूर. दुसरा प्रलंबित आहे.