विरूचा मेल येईस्तोवर

(गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचं एक गाव. २००३ साल, दुपार. सोप्यातल्या खिडकीशी प्रभुलिंग आणि त्याची थोरली बहीण शिवगंगा. आतल्या खोलीत अंथरुणावर त्यांची आई, अव्वा.)

शिवगंगा : आरं, आनि किती वर धरू? खांदा गेला माझा.

प्रभू : त्या वरच्या गजापाशी धर, आक्का. तिथंच रेंज हाय. खाली आणलंस की काड्या जात्यात.

शिवगंगा : कसल्या काड्या?

प्रभू : मोबाइलच्या पडद्यावर बघ की, डाव्या अंगाला. किती दिसत्यात?

शिवगंगा : दोन. न्हाय, एक. आली, आली. दोन.

प्रभू : बास. आता तसंच धर. आन् मोबाइलच्या डोक्याला ती काळी काच हाय न्हवं, ती माझ्या ह्या इलेक्ट्रॉनिक डायरीकडं कर. डायरीला बी तसलीच काच हाय. दोन्ही समोरासमोर पायजेत.

शिवगंगा : वायर-बियर काय न्हाय?

प्रभू : वायर न्हाय लागत. टीव्हीच्या रिमोटासारखं असतंय. हिकडनं तिकडं किरण जात्यात. डायरी मोबाइलला सांगती, मोबाइल इंटरनेटला सांगतो, आन् आपला मेल येतो डायरीत.

शिवगंगा : नवरा-नवरी अंतरपाटाला उभी केल्यागत झालं की रं! म्हंजे मी मामा म्हण.

प्रभू : हसू नको, हात हलतोय. बघ, तुटलं.

शिवगंगा : किती दिसांनी हसले बाबा. तेवढं बी नगं?

अव्वा : कोन... विरू आला?

शिवगंगा : न्हाय गं अव्वा. विरू जहाजावर हाय. प्रभू आलाय. सकाळधरनं हितंच हाय.

अव्वा : विरूला जेवाय वाढ.

शिवगंगा : वाढते गं. पड तू निवांत. ...ऐकलंस? सारखं हेच चाललंय.

प्रभू : ऐकलं. धर वर.

शिवगंगा : प्रभू, एक सांगू? राग मानू नगंस. तिला आता धड दिसत न्हाय. तुम्हा दोघा भावांचा आवाज बी एकसारखा. आत जा, हात हातात घे आन् म्हण, अव्वा, मी विरू, आलो. सुखानं डोळं मिटंल बिचारी.

प्रभू : मी न्हाय म्हणणार.

शिवगंगा : का रं?

प्रभू : कारण मी विरू न्हाय. मी प्रभू हाय. दर रविवारी कागलासनं मोटरसायकल हाणत येणारा. कोल्हापूरला दवाखान्यात लिफ्ट बंद पडली तवा तिला पाठीवर घेऊन जिना चढलेला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, तवा त्यांच्यासमोर कोण उभा हुता? माझं नाव घेतलंय का तिनं एकदा तरी? तूच सांग.

शिवगंगा : आरं, तिला आता काय कळतंय व्हय?

प्रभू : विरूचं नाव कळतंय की.

शिवगंगा : जवळच्याला कोन हाक मारतंय, प्रभूतम्मा? हाक लांबच्याला मारत्यात. माझं तरी नाव घेतलं का? तोंड पुसते, कूस बदलते. दोन गल्ल्या सोडून घर हाय माझं, तिकडं चूल पेटली का न्हाय ते बघाय सवड न्हाय. तर परवा मलाच म्हणती, "कुणाची गं तू बाई? लई माया करतीस."

प्रभू : तू ऐकून घेतीस. मला न्हाय होत.

शिवगंगा : म्हणून ह्यो डबा काढून बसलास.

प्रभू : म्हणजे?

शिवगंगा : म्हंजे काय म्हंजे? आल्यापास्नं उंबऱ्यापातूर जातोयास, आत डोकावतोयास आन् माघारी फिरतोयास. मला काय डोळं न्हाईत? तुला तिच्याजवळ बसवत न्हाय, प्रभू. म्हणून ह्या काड्या आन् हे किरण.

प्रभू : न्हाय बसवत. खरं हाय. तिचा श्वास मधीच थांबतो न्हवं, तवा माझा बी थांबतो. वाटतं, पुढचा आता येतोय का न्हाय... मला न्हाय सोसत गं ते. मग वाटलं, विरूचं उत्तर आणून तिला वाचून दाखवावं. माझ्या हातनं तेवढं तरी होईल. तिचा जीव तरी निवंल.

शिवगंगा : उत्तर आलंच असंल कशावरनं?

प्रभू : काल कंपनीतनं त्याला सगळं लिहिलंय. जहाजावर फोन लागत न्हाय, पण मेल जातोय, कप्तानाच्या कंप्युटरवर. विरू उत्तर दिल्याबिगर ऱ्हाणार न्हाय.

शिवगंगा : मग गडहिंग्लजला जाऊन ये की. बसस्टँडसमोर हाय न्हवं ते कंप्युटरचं दुकान.

प्रभू : आन् तेवढ्यात हिकडं काय झालं तर? मी घरात न्हवतो, हे जन्मभर उरावर घेऊ? न्हाय. हितंच करायचं. धर वर.

शिवगंगा : धरलंय. आता काय म्हणतंय तुझं यंत्र?

प्रभू : समोरचं सापडत न्हाय म्हणतंय. ऊन पडलंय काचेवर. उन्हात किरण न्हाय दिसत त्याला.

शिवगंगा : थांब, पदर आडवा धरते. हं, झाली सावली? पलीकडनं चिमणाबाई बघतीया बघ. म्हणत असंल, म्हातारी आत जायला लागलीया आन् ही घोडी खिडकीत खेळाय लागल्यात.

प्रभू : म्हणू दे. ...लागला! आक्का, लागला. डायल करतोय आता. न्हाय... परत तुटला. मरू दे हे!

शिवगंगा : चिडू नगंस. परत कर. मला काय झालंय धराय.

प्रभू : कंपनीनं दिलीय ही डायरी. गिऱ्हाइकाकडं गेलो की सगळी माहिती खिशात. पुण्यात हॉटेलवर पयल्या झटक्यात लागतंय हे. आन् आज नेमकं...

शिवगंगा : प्रभू, विरूचं तिला का लागलंय, ठावं हाय तुला?

प्रभू : धाकटा हाय. लाडका.

शिवगंगा : लाडका न्हवं. तो जहाजाच्या नोकरीला निघाला, तवा तू पुण्याला हुतास. ही म्हणत हुती, आपल्यात कोन गेलंय का समुद्रावर? माणूस मेलं तर माती मिळत न्हाय तिथं. तो ऐकंना. निघताना पाया पडाय वाकला, तर हिनं पाय वढून घेतलं.

प्रभू : अव्वानं?

शिवगंगा : व्हय. पोरगं तसंच उठलं, पिशवी घेतली आन् गेलं. दारातनं एस्टी दिसंनाशी झाली, मग रडत बसली. तवापास्नं तेच खातंय तिला. तू जवळ हायस, तुझ्याशी काय भांडण न्हाय, म्हणून तुझं नाव न्हाय तोंडात. तिला वाटतंय, तो मनात धरून बसलाय.

प्रभू : मला कुणी सांगितलं न्हाय हे.

शिवगंगा : सांगण्यासारखं हाय व्हय ते?

प्रभू : आता तर आणायलाच पायजे. धर, आक्का. जरा डावीकडं. हां, हां... लागला. डायल झालं. नाव-पासवर्ड घेतलं. आता अजिबात हलू नको.

शिवगंगा : श्वास तरी घेऊ का?

प्रभू : दोन मेल आल्यात. नावं दिसत्यात मला. विरूचा हाय! हाय, हाय, त्याचाच हाय!

शिवगंगा : बसवेश्वरा! वाच की मग.

प्रभू : नुसतं नाव आलंय अजून. आधी पहिला उतरतोय, कंपनीचा हाय तो. पंपाचं चित्र जोडलंय साल्यांनी. ते आल्याशिवाय पुढचा येणार न्हाय.

शिवगंगा : पंप ऱ्हाऊ दे म्हणावं मागं. भावाचं पत्र आधी सोड म्हणावं.

प्रभू : तसं ऐकत न्हाय ते. रांगेनंच येणार.

अव्वा : प्रभू.

शिवगंगा : प्रभू! तुझं नाव घेतलं.

अव्वा : प्रभू... ए प्रभू.

प्रभू : ऐकलं, आक्का. ऐकलं. ...आलो अव्वा! दोन मिनिटं!

शिवगंगा : दोन मिनिटं काय? जा की आत.

प्रभू : डायरी हलली की सगळं तुटंल. परत पहिल्यापास्नं. निम्मं चित्र आलंय, त्याच्यामागं विरूच हाय.

शिवगंगा : ती डायरी दे हिकडं. मी धरते.

प्रभू : कशात धरतीस? एका हातात मोबाइल, एका हातात पदर. घेऊनच जातो, आक्का. मोकळ्या हातानं काय जाऊ तिच्यापुढं?

शिवगंगा : मोकळ्या हातानंच जा. तुला बोलावतीया ती. विरूला न्हवं.

प्रभू : अव्वा, विरूचं पत्र घेऊन येतो! ऐकतीस न्हवं?

अव्वा : हितं ये... बस जरा.

प्रभू : आलोच! ...आक्का, तुझ्या पाया पडतो, सोडू नको. एवढा वेळ धरलंस. विरूचा शब्द ऐकला की किती बरं वाटंल तिला, तूच सांग.

शिवगंगा : धरते. लवकर कर बाबा.

प्रभू : माझं नाव घेतलं तिनं.

शिवगंगा : घेतलं की. वळखलं तुला.

प्रभू : तीनदा घेतलं. ...चल, चल, चल. आला. पंप आला एकदाचा. आता विरूचा चालू झाला. छोटाच हाय. आता येतोय... आला! आक्का, सगळा आला! सोड, सोड हात.

शिवगंगा : हात आखडला बघ पार. मी जाते फुडं. अव्वा, आलो गं आम्ही दोघं बी.

प्रभू : अव्वा, विरूनं लिहिलंय बघ! आक्का, तिला जरा उठवून बसीव. चष्मा कुठं ठेवला मी... हां, घावला. आलोच. आक्का? उठवलंस का?

शिवगंगा : प्रभू.

प्रभू : झोपली का काय?

शिवगंगा : आत ये.

प्रभू : झोपली असंल, आक्का. आत्ताच बोलली की. आत्ता म्हणाली, ये, बस जरा म्हणून.

शिवगंगा : व्हय. म्हणाली.

प्रभू : श्वास थांबतो गं तिचा मधी. मग येतोय पुढचा. थांब जरा तू. थांब.

शिवगंगा : थांबले मी. किती थांबू? न्हाय येत, तम्मा.

प्रभू : अव्वा! अव्वा, ए अव्वा!

शिवगंगा : नगं हलवूस तिला. गेली ती. रड तू. रड.

प्रभू : दोन मिनिटं म्हणालो गं मी तिला.

शिवगंगा : म्हणालास. आन् मी बी उभीच ऱ्हायले की खिडकीत. माझ्या हातनं टाकवला न्हाय त्यो मोबाइल. ...काय लिहिलंय त्यानं?

प्रभू : न्हाय वाचवत.

शिवगंगा : वाच. तिच्यासाठनं आणलंयस न्हवं? वाच तिच्यापुढं.

प्रभू : "प्रभूआण्णा, मेल मिळाला. जहाज बंदराला लागायला अजून पंधरवडा आहे, मला उतरता येत नाही. अव्वाला सांग, तिनं पाय ओढून घेतले त्याचं माझ्या मनात काही नाही. तिनं बांधलेलं इष्टलिंग गळ्यात आहे, रोज सकाळी पूजा करतो तेव्हा तिचाच चेहरा समोर येतो. तिला म्हणावं, घोर करू नको. मलाही घोर नाही. तू तिच्याजवळ बसून आहेस, म्हणून..."

शिवगंगा : म्हणून काय?

प्रभू : "...म्हणून मी इथं काम करू शकतो." आक्का, मी सोप्यात हुतो गं. मी पंपाचं चित्र उतरवत हुतो. ती बस म्हणाली आन् मी...

शिवगंगा : पुरे आता.

प्रभू : त्याला काय लिहू मी? तो विचारंल, अव्वा काय म्हणाली?

शिवगंगा : ते मागनं बघू. ...चिमणाबाई! ए चिमणाबाई! व्हय गं, झालं. तुझ्या ज्ञानूला मठात स्वामींकडं पळीव, इभूत घेऊन या म्हणावं. ...प्रभू, ऊठ. ती डायरी ठेव कोनाड्यात. आपल्यात माणसाला आडवं नेत न्हाईत, बसवून नेत्यात. अंग ताठायच्या आत बसवाय पायजे तिला. मी मांडी घालते तिची, तू मागं बस.

प्रभू : मी?

शिवगंगा : मग कोन? मागं बस. तिची पाठ तुझ्या छातीला घे. दोन्ही हात फुडनं घाल. डोकं टेकीव खांद्यावर. हां, अशी.

प्रभू : अंग गरम हाय अजून.

शिवगंगा : असंल की.

प्रभू : कसली हलकी झालीया. ...अव्वा, आलो बघ. मी प्रभू. बसलोय हितंच.

शिवगंगा : लई घट्ट नगं धरूस. दुखंल तिला.