पेटीतला समुद्र

न्हाई साहेब, माशांना विष-बिष कुणी घातलं न्हाई — विष घालायला अक्कल लागती, ती या कॉलेजात कुणाला हाय? बसा. त्या स्टुलावर नको, ॲसिड सांडलंय त्याच्यावर, पँट जाईल. संस्थेनं तुमाला चौकशीला धाडलं, अन् तुमी इचारायला आलात कुणाला — मला, लॅबच्या शिपायाला. बराबर हाय. प्राध्यापकाला इचारून काय कळणार? दिनकरराव सरांनी मुंबईहून डब्यात घालून समुद्राचे पाच मासे आणले, खाऱ्या पाण्याचे कॅन आणले, आख्ख्या गंगाखेडात मिरवले, अन् आठ दिवसांत काचेच्या पेटीतलं पाणी दोन बोटं उतरलं तर किराणा दुकानातलं खडेमीठ घेऊन आले की हो टाकायला! मी म्हणलं, सर, पाणी उडून गेलं, मीठ कुठं उडतंय? गोडं पाणी टाका. एमेस्सी हायेत ते. मी सातवी नापास.

मग माशांना आजार लागला. अंगावर पांढरे दाणे, रवा शिंपडल्यावानी — दगडाला अंग घासायलेत, धापा टाकायलेत. सर म्हणले, हवा बदलली असंल. हवा! माशाला! त्यांच्याच कपाटातलं इंग्रजी पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं, चित्रावर बोट ठेवलं, म्हणलं आता वाचा. तेव्हा कळलं — किडा हाय. कातडीत बसून खातो, पोट भरलं की गळून तळाला जातो, तिथं फुटतो, अन् एकाचे शेकडो होऊन पुन्हा मासा हुडकत निघतात. कातडीतल्याला हात लावता येत न्हाई, पाण्यात निघालेल्यालाच मारायचं. कशानं? मोरचुदानं. तेच हो, निळं, फवारणीचं. मोरचूद म्हणजे तांबंच की. पण थेंबाचं काम हाय ते — कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. सरांनी तोलून बाटली भरून दिली, एवढं केलं बिचाऱ्यांनी, अन् गेले औरंगाबादला पेपर तपासायला. रोज सकाळी थेंब मी टाकले. नवव्या दिवशी दाणे साफ, पाची मासे खायला लागले. पुस्तक म्हणतं तीन आठवडे औषध चालू ठेवा, मी चालू ठेवलं. हे लिहिलंय का तुमच्या कागदात? न्हाई ना? मला मालूमच होतं.

आता ती बशी. मघापासून तिच्याकडंच बघायलात तुमी. ते सगळं पेटीच्या तळाचं. आपली माणसं, दुसरं काय! बाजारच्या दिवशी चपला काढून लॅबमधी शिरायची — समुद्र बघायचाय म्हणे. पुलावरून जाताना गोदावरीत पैसा टाकायची खोड, तीच इथं. काचेच्या पेटीला बी हात जोडायचे अन् टाकायचा पैसा. टाकतात कोणता? निजामाच्या वक्ताचा, तांब्याचा, जो चहावाला हातात धरत न्हाई. राणीसावरगावचा एक पाटील, शंभर एकरवाला, त्यानं दोन टाकले, ऊस चांगला येऊ दे म्हणून! मेलेलं नाणं देऊन जित्ता ऊस मागायलाय. हसू नका. औषधाचं तांबं चालू असताना तळाला हे तांबं पडलं की माशाचं मरण. म्हणून रोज सकाळी आधी चिमट्यानं नाणी काढायची, मगच थेंब. एक दिवस चुकला न्हाई माझा.

म्हणजे... चुकले की. चुकले म्हणूनच तुमी आलात. तानुबाईनं नाणी काढली न्हाईत, असं प्रिन्सिपलनी लिहून दिलंय तुमाला. प्रिन्सिपलला काय कळतंय? तानुबाई झाडूवाली हाय, तिला पेटीत हात घालायची बंदी मीच घातलेली. मग त्यांना कुणी सांगितलं? मीच सांगितलं. ते ओरडायले, मासे उताणे पडलेले, तोंडातून निघून गेलं — सफाई तानुबाईकडं हाय. निघून जातं माणसाच्या तोंडातून. पण म्हणून तिला कामावरून काढणार तुमी? बारा वर्षं झाडायलीय ती इथं.

ते? ते नाणं न्हाई. ठेवा खाली. वाळा हाय, लेकराच्या पायातला. तांब्याचाच असणार, चांदीचा कुठून आणावा? टाकला असंल कुण्या बाजारकरणीनं — लय अडाणी जात. माझ्याकडं काय बघता? आमच्या घरात देव न्हाई, साहेब. छप्पन साली माझ्या बापानं देव्हाऱ्यातले टाक टोपल्यात भरले अन् गोदावरीत सोडले. टोपलं मी धरलं होतं. तवापासून नवस न्हाई, उतारा न्हाई. मागल्या पंधरवड्यात नात तापानं फणफणली, चार दिवस डोळा उघडंना, दवाखान्यात सलाईन लावलेली — अन् आमची बायको, कुसुमबाई, म्हणती, तुमच्या त्या पेटीत काही तरी टाका. काय काय बोललो मी तिला! बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभी करून बोललो. अडाणी म्हणलं, माझ्या बापाचं नाव बुडवलंस म्हणलं. रडली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथं उभा, हातात चिमटा, अन् वाळा खिशात. हातातून सुटला.

न्हाई. सुटला न्हाई. सोडला.

मग नाणी कशी काढायची, सांगा ना? नाणी बी कुणाच्या तरी नवसाचीच; नाण्याला चिमटा लावायचा तर वाळ्याला बी लावावा लागतो, अन् बोललेला नवस फिटायच्या आधी उचलत न्हाईत. मला हे कुणी शिकवलं? कुणी न्हाई. तीस वर्षांपूर्वीचं कुठं तरी आत बसलेलं, किड्यावानी. थेंब तरी बंद करायचे! पण पुस्तकात तीन आठवडे लिहिलंय, अन् मी पुस्तकापरमाणं चालणारा माणूस. तिसऱ्या दिवशी दुपारी मासे गेले. अन् त्याच दुपारी नात उठून बसली, पेज मागायली. सलाईननं उठली हो! औषधानं उठली. मला कळत न्हाई का? सगळ्या गावाला अक्कल शिकवतो मी. पण कुसुमबाईच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना गेलंय. ती वाळा कुठं गेला म्हणून बी इचारत न्हाई.

लिहा. सूर्यभान लिंबाजी, लॅब शिपाई. नाणी जाणून काढली न्हाईत असं लिहा. अन् तानुबाईचं नाव खोडा — इथं, माझ्यादेखत खोडा. अजून एक रेघ मारा, दिसायलंय ते. हां.

आता तो वाळा इकडं द्या. पुरावा कसला डोंबलाचा? पुरावा म्हणून नाणी न्या, पाटलाची दोन बी न्या. वाळ्याची जोड हाय, दुसरा नातीच्या पायात हाय. द्या म्हणलं ना!

जावा साहेब. यष्टी चुकंल तुमची. दार ओढून घ्या जाताना.