गुलाबकाकांचा दहावा फॉर्म

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय सुनिताताई गजभिये, विद्यापीठातून मुद्दाम आलेल्या डॉ. सुजाता वैद्य, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते बौद्धाचार्य गुलाबराव रंगारी, आणि कोहका, बोरसी, सेक्टर १० इथून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम.

आधी ताजी बातमी. काल दुपारी निकाल लागला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये नोकरी करता करता बाहेरून बी.ए. झालेले आपले गुलाबकाका अडुसष्टाव्या वर्षी धम्मशिक्षण या विषयात एम.ए. झाले. मघाशी चहा घेताना वैद्य मॅडमनी स्वतः दुजोरा दिला. टाळ्या जरूर वाजवा.

दुसरी गोष्टही मॅडमनीच सांगितली, तिला टाळ्या नाहीत. यंदा या अभ्यासक्रमाला एकही अर्ज आलेला नाही. तीस तारखेपर्यंत पाच अर्ज आले नाहीत, तर आपल्या विहारातलं अभ्यासकेंद्र बंद होईल.

मी प्रशांत खोब्रागडे, विहार समितीचा सचिव. काकांच्या निरोपाचं भाषण मी करावं असं समितीनं ठरवलं. समितीला माझ्याबद्दल थोडी कमी माहिती आहे.

हा अभ्यासक्रम कुणासाठी? रविवारच्या धम्मवर्गात मुलांना शिकवणाऱ्यांसाठी, आणि लग्न, नामकरण, अंत्यविधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांसाठी. दोन वर्षं, महिन्यातून एक रविवार वर्ग. पहिल्या तुकडीत दुर्ग-राजनांदगावचे चार जण होते आणि आपल्या विहारातून दोन नावं गेली, काका आणि मी. हेतू साधा होता. बावीस वर्षं एकच माणूस सगळ्यांच्या घरी जातोय, त्याच्यानंतर कुणीतरी हवं.

पहिल्या सत्रानंतर मी सोडलं. समितीला शिफ्टचं कारण दिलं. भिलाईत शिफ्टचं कारण कोण नाकारणार? खरं कारण आज सांगतो. वर्गात बसायला मला आवडायचं. रडणाऱ्या माणसांसमोर बसून बोलायची मला भीती वाटायची.

काका शिकत राहिले. दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी एक काम होतं. माणूस गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा विधी झालेल्या दहा घरी जायचं आणि विधीतलं काय समजलं ते विचारून फॉर्म भरायचा. काका खुशीत निघाले. त्यांच्या आवाजाचं कौतुक सगळीकडे होतंच. पहिल्याच घरी एक आजी म्हणाल्या, "आवाज भल्ला गोड हाय भाऊ तुमचा. तो थांबला का पंगत बसते, येवढंच समजते मले." दुसऱ्या घरचा मुलगा म्हणाला, "अंकल, सच बोलूँ? हम तो बस हाथ जोड़के बैठे थे."

असे नऊ फॉर्म झाले. त्या दिवसांत काका विहाराच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "बावीस वर्षं मी ह्या गाथा कोणासाठी म्हणून राहिलो होतो गा?" मी म्हटलं, "काका, इतका विचार नका करू." काय उत्तर होतं ते! पण तेव्हापासून काका प्रत्येक गाथेनंतर थांबून अर्थ सांगू लागले, मुलांसाठी हिंदीतही. विधी लांबतो म्हणून समितीकडे दोन तक्रारीही आल्या. त्या मीच फाईलला लावल्या आहेत.

मग जानेवारीत रुक्माकाकू गेल्या. बऱ्याच जणांना ती सकाळ आठवत असेल. विधीसाठी बोलावलेले रायपूरचे बौद्धाचार्य दुसऱ्या गावी अडकले होते. काकांच्या कोहक्याच्या घरात माणसं बसलेली, आणि सुरुवात कोण करणार हे कुणालाच माहीत नाही. काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "प्रशांत, तू म्हणतं का बाबू?"

त्रिसरण मला येतं. पंचशील येतं. पुढचं कागदावर बघून म्हणता आलं असतं. एक सत्र तर मी शिकलो होतो.

मी म्हटलं, "काका, मले नाही जमणार."

ते म्हणाले, "बरं. मंग ते सतरंजी सरळ कर."

मी सतरंजी सरळ केली. काका पुढे जाऊन बसले आणि आपल्याच बायकोचा विधी त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत लावला. अर्थही सांगितला. आवाज कुठेच हलला नाही. जाताना लोक म्हणाले, काकांची कमाल आहे. मीही म्हणालो.

प्रबंधाची एक प्रत विहारात ठेवली आहे. परवा भाषणाच्या तयारीसाठी उघडली. मागे दहा फॉर्म जोडलेत. दहावं घर काकांचं स्वतःचं आहे. विधीतला कोणता भाग समजला, या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलंय, "मी म्हणत होतो, त्यामुळे ऐकता आलं नाही." शेवटचा प्रश्न असा आहे, विधीच्या वेळी तुम्हाला काय हवं होतं? उत्तर, "मागे, रुक्माच्या बहिणीजवळ बसायचं होतं."

परीक्षकांनी तो फॉर्म धरला नाही. अभ्यास करणाऱ्यानं स्वतःलाच प्रश्न विचारायचे नसतात, असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. ते प्रश्न दुसऱ्या कुणीतरी जाऊन विचारायला हवे होते. पाच महिन्यांत मी गेलो नाही.

काका, हे तुम्हाला एकट्यात सांगायला हवं होतं. ती हिंमत झाली नाही, म्हणून माइकवर सांगतोय.

गुरुवारच्या गाडीनं काका मुलीकडे नागपूरला जातात. परत येण्याचं त्यांनी काही सांगितलेलं नाही. प्रवेशाचे अर्ज चहाच्या टेबलावर सुनिताताईंच्या पर्सखाली ठेवलेत. एक मी भरला आहे. चार हवेत. भरतील असं मी छातीठोकपणे सांगत नाही.

बोरसीच्या सुमेधचे वडील मंगळवारी गेले, म्हणून तो आज इथे नाही. पुण्यानुमोदनासाठी त्यानं काकांना फोन केला होता. मला न विचारताच काका त्याला म्हणाले, "मी नसन, प्रशांत येईन."

अध्यक्षांनी वेळ दिला, वैद्य मॅडम इतक्या लांबून आल्या, आपण शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचा मी ऋणी आहे. आज बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. रविवारी जे चुकेल त्याची माफी सुमेधकडे मागेन.

रविवारी सकाळी दहा वाजता, बोरसीला. तोवर काका गेलेले असतील. सतरंजी दुसऱ्या कुणालातरी सरळ करावी लागेल.

जय भीम.