काकांच्या पाठीवरचं रेडियम

आमच्या मोठ्या काकांचं ऐका. रिटायर हेडमास्तर! अंधार पडला की काळा स्वेटर घालून देवगाव फाट्याकडं फिरायला निघणार, तेही रस्त्याच्या मधून. परवा एक ट्रक अगदी खेटून गेला. मी म्हटलं, "काका, अंधारात तुमी दिसतच न्हाईत. पाठीवर चमकणारं रेडियम लावू द्या."

"कॉलेज सोडून गाड्यांवर पट्ट्या चिकटवायलास, आन् मला अक्कल शिकवतो? अख्खा तालुका वळखतो मला!"

ट्रकवाला काय यांच्या वर्गात होता? डोकंच सणकलं. माझ्या रेडियमच्या दुकानातली एक तयार पट्टी आणली आणि गुपचूप त्यांच्या स्वेटरच्या पाठीवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी फिरून आले ते छाती फुगवूनच. ओट्यावर सगळे चहा प्यायला बसलेले.

"बघ! ट्रक काय, ट्रॅक्टर काय, सगळे लांबून वळसा घालून गेले. मास्तरचा दरारा म्हणतात याला!"

"काका, जरा पाठ करा इकडं." मी मोबाईलची बॅटरी मारली.

काकूनंच मोठ्यानं वाचलं, "सुरक्षित अंतर ठेवा!"

अख्खा ओटा हसून लोळला. काका लालबुंद! स्वेटर काढला, पट्टी निरखून बघितली आणि स्वेटर माझ्या अंगावर फेकला.

"तिरकी लावलीस, गाढवा. सरळ लाव."